‘जेवलीस का?’ला किती मार्क?

दुपारचा दीड. महापे, ऐरोली, बेलापूर... ऑफिस कुठलंही असू दे. कॅन्टीनच्या टेबलावर डबे उघडलेत, कुणाच्या तरी डब्यातल्या भेंडीवर चौघांचा डोळा आहे आणि तेवढ्यात एक मोबाइल वाजतो. स्क्रीनवर नाव... ‘आई’.

‘जेवलीस का?’
‘जेवतेय.’
‘काय आहे आज?’
‘भेंडी.’
‘रात्री झोप झाली का नीट?’
‘हो गं.’
‘बरी आहेस ना?’
‘हो गं आई! ठेवते, मीटिंग आहे.’

टोटल टाइम चाळीस सेकंद. सर्व्हे संपला! आता साताऱ्याला बसलेल्या त्या माउलीला विचारा, ‘काय म्हणते लेक?’ ती म्हणणार, ‘एकदम छान. नोकरी चांगली आहे, पीजी स्टेशनजवळ आहे, जेवणखाण वेळेवर आहे.’ म्हणजे दहापैकी सरळ नऊ. आणि इकडे लेकीचं काय? अप्रेझल लटकलंय. तीन वर्षांचं प्रकरण दोन आठवड्यांपूर्वी संपलंय. कोपरखैरण्याची रूममेट महिनाअखेर खोली सोडून चाललीय आणि एकटीला भाडं परवडणार नाहीये. ती स्वतःला पाचच्या वर अर्धा मार्कही देणार नाही. भेंडी मात्र खरंच चांगली झाली होती.

आता यात आई कुठे चुकली? तिने जे विचारलं त्याची खरी उत्तरं तिला मिळाली. जेवण झालंय, झोपही झालीय. जे विचारलंच नाही, ते फोनच्या या टोकाला राहिलं. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी रोज हेच चालतं, म्हणून आपण त्याकडे बघतही नाही. पण हाच सीन नायकाचं वय सत्तावीसऐवजी बारा करून बघा. मग मामला एवढा मजेशीर राहत नाही. कारण बारा वर्षांच्या मुलाला ‘मीटिंग आहे’ म्हणून फोन ठेवता येत नाही. आणि तो कसा आहे, हे शाळेत, डॉक्टरकडे, नातेवाइकांत सांगायचं काम त्याच्या वतीने आईबाबाच करत असतात.

फॉर्म एक, उत्तरं दोन

मुलं बरी आहेत की नाहीत, हे मोजायचे चक्क फॉर्म असतात. त्यातला जगभर वापरला जाणारा एक म्हणजे ‘पेड्सक्यूएल’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. एकूण २३ प्रश्न. धावता येतं का, भीती वाटते का, झोपेचा त्रास होतो का, बाकीची मुलं चिडवतात का, वर्गात लक्ष लागतं का... गेल्या महिन्याभरात हे किती वेळा झालं, एवढंच सांगायचं. ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत पाच पर्याय.

यातली खरी गंमत अशी, की या फॉर्मच्या दोन आवृत्त्या आहेत. एक मुलाने स्वतः भरायची, अगदी पाच वर्षांच्या पिल्लापासून अठरा वर्षांपर्यंत. दुसरी आईने किंवा बाबांनी भरायची. प्रश्न तेच, फक्त ‘मला’च्या जागी ‘तुमच्या मुलाला’. दोन खोल्या, दोन पेनं, एकच मूल. उत्तरं सारखी यायला हवीत ना?

नाही येत. आणि हे एखाद्या घराचं किंवा एखाद्या देशाचं नाही. १९८७मध्ये थॉमस आकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंत झालेले ११९ अभ्यास एकत्र केले. विषय होता मुलांच्या वागणुकीच्या आणि भावनिक अडचणी. दोन माणसांची उत्तरं किती जुळतात, हे शून्य ते एक अशा आकड्यात सांगतात. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे तुझा रस्ता वेगळा, माझा वेगळा. आई आणि बाबा अशा एकाच भूमिकेतल्या दोघांची उत्तरं सरासरी ०.६०पर्यंत जुळली. पण मूल स्वतः एका बाजूला आणि पालक, शिक्षक वगैरे मोठी माणसं दुसऱ्या बाजूला, असं केल्यावर आकडा आला ०.२२. म्हणजे आईबाबांचं एकमेकांशी जमतं, मुलाशी फारसं नाही! २०१५मध्ये आंद्रेस दे लॉस रेयेस आणि मंडळींनी नंतरच्या काळातले ३४१ अभ्यास पुन्हा चाळले. पालक, शिक्षक आणि मुलं यांच्यातला मेळ निघाला ०.२८. जवळपास तीस वर्षं, शेकडो अभ्यास आणि प्रगती इतकीच.

कुठे जुळतं आणि कुठे फिसकटतं, हेही या अभ्यासांनी सांगितलंय. मारामारी, आदळआपट, उलट बोलणं, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं, त्यावर त्यातल्या त्यात एकमत होतं. भीती, उदासपणा, एकटं वाटणं, म्हणजे जे आत चालतं, त्यावर गाडी अडते. शिवाय सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत मेळ जरा बरा असतो, टीनएजर्सबाबत घसरतो. कप फुटला की आवाज येतो हो. मन खट्टू झालं तर कसला आवाज येणार?

दहाव्या वर्षी जास्त, पंधराव्या वर्षी कमी

मग पालक नेहमी मुलाला जास्तच मार्क देतात की काय? तसंही नाही. इथे वयाचा एक झकास ट्विस्ट आहे.

बेलेन लोपेझ-पेरेझ आणि एली विल्सन या दोघींनी २०१५मध्ये स्पेनमधल्या ३५७ मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचे गट दोन. एक दहा-अकरा वर्षांचा, दुसरा पंधरा-सोळा वर्षांचा. प्रश्न साधा, मूल किती आनंदी आहे? मुलाने स्वतःचं सांगायचं, पालकाने मुलाचं सांगायचं. लहान गटाचे पालक मुलांनी स्वतःला दिले त्याहून जास्त मार्क देऊन मोकळे झाले. मोठ्या गटाच्या पालकांनी मात्र कमी मार्क दिले. म्हणजे पाचवीतला मुलगा आईबाबांना वाटतो तेवढा मजेत नसतो आणि दहावीतला मुलगा त्यांना वाटतो तेवढा दुःखी नसतो!

यामागची भानगड त्या दोघींनी शोधली तेव्हा कळलं, की पालकांनी मुलाला दिलेले मार्क त्यांच्या स्वतःच्या आनंदाशी जुळत होते. आई खुशीत, तर मूल खुशीत. बाबा वैतागलेले, तर मूलही ‘हल्ली जरा डाऊनच असतं’. आपण मुलाकडे बघतोय असं समजून पालक बऱ्याचदा आरशात बघत असतात.

हे आपल्याकडे आणून बघा. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी पनवेल लोकल. सानपाड्यापर्यंत उभं, जुईनगरला कशीबशी चौथी सीट. नेरुळला उतरून रिक्षाची लाइन. घरी पोचेपर्यंत साडेनऊ. दार उघडतं, मुलगा टीव्हीसमोर आहे, मान वर करत नाही. ‘हल्ली बोलतच नाही आमच्याशी.’ निकाल लागला! आता त्या मुलाने दिवसभर काय केलं, शाळेत कुणाशी हसला, खाली ग्राउंडवर किती गोल मारले, यातलं त्या बाबांना काहीच दिसलेलं नाही. त्यांच्या वाट्याला आलीत मुलाची दिवसातली शेवटची पंधरा मिनिटं आणि स्वतःचा दिवसभराचा थकवा. एवढ्या डेटावर तर आपल्या ऑफिसात कुणी पीपीटीसुद्धा करू देत नाही.

बरं, पंधराव्या वर्षी मार्क का घसरतात, हे कळायला आपल्याला स्पेनला जायची गरज नाही. आपण स्वतः त्या वयातून फार लांब आलेलो नाही. खोलीचं दार लावून घेणं, घरी एका शब्दात उत्तरं देणं, लग्नाकार्याला यायला नको म्हणणं. घरच्यांच्या लेखी ते दुःख होतं. आपल्या लेखी ते फक्त दार होतं. दाराच्या आत वॉकमन होता, मित्राकडून ढापलेल्या सीडी होत्या, कुणाचा तरी मिस्ड कॉल होता. झकास चाललं होतं आपलं!

खारघरची खोली आणि लालबागची गॅलरी

माझ्या एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट सांगते. कुटुंब लालबागचं. दोन खोल्यांच्या घरातून दोनेक वर्षांपूर्वी खारघरला टू बीएचकेत आलं. मैत्रीण नोकरीला, धाकटा भाऊ तेव्हा सातवीत. त्याच्या बाबांना विचारलं, पोराचं कसं काय? त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. स्वतंत्र खोली. स्टडी टेबल. शाळा चालत दहा मिनिटं. समोर डोंगर, मोकळी हवा. सेंट्रल पार्क जवळ. आता तर मेट्रोही झाली. ‘आमच्या वेळी चौदा माणसं होतो दोन खोल्यांत, जिन्यात बसून अभ्यास केला. याला काय कमी आहे?’ मार्क, दहापैकी साडेनऊ. अर्धा राखून ठेवला, पोराने डोक्यावर बसू नये म्हणून.

मग त्या पोराला विचारलं. आधी खांदे उडवले. मग म्हणाला, ‘सहा.’ का रे? ‘इथे खाली जायला कारण लागतं.’ म्हणजे? ‘तिकडे गॅलरीत आलं की कोण ना कोण असायचंच. इथे आधी फोन करायचा, मग त्याची आई म्हणणार क्लास आहे, मग तो येणार, मग वॉचमन म्हणणार बॉल नको.’ पुढे हळूच म्हणाला, ‘खोली चांगली आहे पण.’

मला हे उत्तर फार आवडलं. त्यात तक्रार नव्हती, हिशोब होता. बाबांनी मोजलं ते जे त्यांना स्वतःला मिळालं नव्हतं. जागा, शांतता, स्वतःचं टेबल. पोराने मोजलं ते जे त्याच्याकडे होतं आणि गेलं. दोघांचाही हिशोब बरोबर, फक्त वह्या वेगळ्या!

आणि नवी मुंबई म्हणजे अशा वह्यांचं शहरच. १९७०मध्ये सिडको आली, खाडीपलीकडे नवं शहर आखायचं ठरलं. १९९२मध्ये खाडीपुलावरून लोकल वाशीत आली आणि गिरगाव, परळ, डोंबिवली, सातारा, सांगली, कुठून कुठून माणसं सामान बांधून आली. आजही येतायत. यातल्या किती आईबाबांनी ‘मुलांसाठी’ घर बदललं, त्याची गणती नाही. नकाशावर सेक्टर, सेक्टरमध्ये शाळा, शाळेजवळ मैदान. पालकांची यादी बघायची तर इथे बरेचसे रकाने आधीच भरलेले. मुलाच्या यादीतला पहिला प्रश्न मात्र बहुतेक वेळा ‘तिथे माझं कोण आहे?’ हा असतो. त्याचं उत्तर ब्रोशरमध्ये छापता येत नाही.

‘किल्ला’ पाहिलाय ना? अविनाश अरुणचा, २०१५मध्ये थिएटरला लागलेला. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आणि बदली झाली म्हणून त्याला पुण्याहून कोकणात घेऊन आलेली त्याची आई. आई नव्या ऑफिसात एकटी, पोरगा नव्या शाळेत एकटा. दोघं एकाच घरात राहतात, एकाच माणसासाठी झुरतात आणि तरी एकमेकांचा पत्ता लागायला त्यांना केवढा तरी वेळ लागतो. तिथे कुणी कुणाचं वाईट चिंतत नसतं, हेच तर सगळ्यात जास्त लागतं.

‘बिच्चारा’ कोण?

आता याची दुसरी बाजू. तब्येतीने ठणठणीत मुलांचे पालक साधारणपणे मुलाला जास्त मार्क देतात. पण मूल आजारी असेल, दिव्यांग असेल, तर काटा बहुतेक उलटा फिरतो. पालक मुलाहून कमी मार्क देतात.

युरोपातला ‘स्पार्कल’ नावाचा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. सात देशांतली सेरेब्रल पाल्सी असलेली आठ ते बारा वर्षांची मुलं. ८१८ मुलं त्यात होती. त्यातल्या ज्यांना स्वतः सांगता येत होतं अशा ५०० जणांनी आपलं आयुष्य कसं चाललंय याची उत्तरं स्वतः दिली. २००७मध्ये निष्कर्ष आले. बहुतेक बाबतींत या मुलांचे मार्क त्यांच्या वयाच्या इतर मुलांसारखेच होते! कुबडी असलेल्या, व्हीलचेअरवर असलेल्या मुलांचेसुद्धा. त्यांच्या पालकांनी मात्र बऱ्याच विषयांत मुलांपेक्षा कमी मार्क दिले. ज्या पालकांवर मुलाला सांभाळण्याचा ताण जास्त, त्यांचे मार्क आणखी खाली. पुन्हा तोच आरसा.

वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि थेरपीसारख्या सेवा एका छताखाली देणारं. अशा कुठल्याही केंद्राच्या बाहेर बाकावर बसलेल्या आयांचे चेहरे आठवून बघा. हातात फाइल, पाण्याची बाटली, डोळ्यांत उद्याची काळजी. आत तिचं पोर मित्राला चिमटा काढून खिदळत असतं. आईच्या डोक्यात ‘मी गेल्यावर याचं काय?’ हा प्रश्न आहे. पोराच्या डोक्यात ‘आज डब्यात काय?’ आईची काळजी खोटी नाहीच. पण ती तिची काळजी आहे, त्याचं दुःख नाही. ही दोन खाती वेगळी ठेवता आली, तर त्याला ‘बिच्चारा’ म्हणून वाढावं लागणार नाही. आणि ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ असं त्या आईलाही कुणीतरी विचारेल.

पण मार्क कुणाचे धरायचे?

आतापर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे ना, पिढ्यांचं अंतर आहे, चालायचंच. यात एवढा इश्यू काय?

इश्यू हा आहे, की मोठ्यांचे मार्क हेच अधिकृत मार्क असतात. काउन्सेलरकडे जायचं की नाही, हे कोण ठरवतं? क्लास बदलायचा, शाळा बदलायची, सायन्स घ्यायचं, हे कोण ठरवतं? कायद्यानेसुद्धा तसंच आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात प्रत्येकाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, पण अठराखालच्या मुलाचे प्रतिनिधी साधारणपणे त्याचे पालकच. आणि ते बरोबरही आहे, दुसरं कोण असणार? पण मग पालकांच्या वहीत नऊ आणि मुलाच्या वहीत चार असतील, तर त्या मुलाला कुणी कुठे नेणारच नाही. ‘सगळं तर आहे त्याला’, या चार शब्दांवर फाइल बंद.

मुलांना थेट विचारलं की काय होतं, ते एनसीईआरटीने करून दाखवलंय. २०२२च्या जानेवारी ते मार्चमध्ये त्यांनी देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. नाव लिहिणं ऐच्छिक होतं. नाव नाही, म्हणजे बोलायला मोकळीक! चिंता कशाची वाटते, यावर ५० टक्के मुलांनी अभ्यास सांगितला आणि ३१ टक्क्यांनी परीक्षा व निकाल. मुलं खालच्या वर्गांतून नववी-दहावीकडे सरकली तसं त्यांचं समाधान, घरचं काय आणि शाळेचं काय, कमी होत गेलं. आता हेच लाखो पालकांना विचारलं असतं तर? ‘थोडंफार टेन्शन असतंच या वयात, आम्हाला नव्हतं का?’ हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

आणि मुलांनी तरी मोकळेपणाने सांगावं की नाही? तिथेही गोची आहेच. २०२१मध्ये युनिसेफने सर्व्हेचे आकडे दिले. मानसिक त्रास झाला तर कुणाची तरी मदत घेणं चांगलं, असं भारतातल्या १५ ते २४ वयोगटातल्या फक्त ४१ टक्के तरुणांना वाटत होतं. २१ देशांची सरासरी होती ८३ टक्के. म्हणजे विचारणारा ‘जेवलास का’च्या पुढे जात नाही आणि सांगणारा ‘हो’च्या पुढे जात नाही. दोघांच्या मध्ये जी जागा उरते तिची किंमत कधी कधी भयानक असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. प्रत्येकामागचं कारण वेगळं असेल, एका कारणावर बोट ठेवता येणारही नाही. पण ‘घरात कुणाला काही कळलंच नाही’ हे वाक्य अशा बातम्यांत आपण किती वेळा वाचलंय!

म्हणून मुलाचे मार्क खरे आणि पालकांचे खोटे, असं म्हणायचं का? नाही हं. मुलंसुद्धा लपवतात, वाढवून सांगतात, कालच्या भांडणावरून अख्खा महिना वाईट ठरवतात. आणि भूक मेलीय, वजन उतरलंय, झोप उडालीय, हे आईला मुलाआधी दिसतं. तिचं ‘जेवलास का’ अगदीच फुकट जात नाही. म्हणूनच जाणकार दोन्ही फॉर्म भरून घेतात. दोन आकड्यांत तीनचं अंतर आलं, तर त्यातला चुकीचा कोण हे शोधत बसायचं नसतं. त्या अंतराबद्दल बोलायचं असतं.

आणि आपण?

आता जरा स्वतःकडे वळूया. आपण दोन्ही टीममध्ये आहोत. आपल्यातले काही नुकतेच आई-बाबा झालेत, बाकीचे कुणाचे तरी दादा, ताई, मावशी, काका आहेत. भाच्याला भेटल्यावर आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘कितवीत आहेस? किती पर्सेंट?’ हुश्श! म्हणजे आपणही तीच वही घेऊन फिरतोय.

त्याहून भारी गोष्ट. आईबाबा कसे आहेत, हे आपण कसं मोजतो? ‘बीपीची गोळी घेतली का? शुगर चेक केली का? वॉकला जाता ना?’ संपला फोन. बाबा रिटायर झाल्यावर दुपारी दोन ते पाच काय करतात, आईची सकाळच्या वॉकवाली मैत्रीण मुलाकडे बंगळुरूला गेल्यापासून ती कुणाशी बोलते, हे विचारलंय कधी? आपल्या लेखी गोळी घेतली म्हणजे आई बरी. तिच्या लेखी भेंडी खाल्ली म्हणजे आपण बरे. हिशोब फिट्टंफाट!

तेव्हा या वीकएण्डला एक खेळ खेळून बघा. खर्च शून्य, साहित्य दोन कागद.

शिडीचा खेळ

हॅडली कँट्रिल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५मध्ये मांडलेली ही शिडी. जगभरचे आनंदाचे सर्व्हे आजही तिच्यावरच चढतात.

* कागदावर शिडी काढा. तळाला शून्य, टोकाला दहा. दहा म्हणजे आपल्याला जगता येईल असं सगळ्यात मस्त आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट.

* मुलाने (किंवा तुम्ही) आपण आज कुठल्या पायरीवर आहोत, तिथे खूण करायची. पालकांनी दुसऱ्या कागदावर, मूल कुठे असेल तिथे. एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही!

* कागद एकदम उघडायचे. ‘एवढे कमी का?’ असं विचारायचं नाही. त्याने समोरचा वकील होतो. ‘तू ही पायरी काय बघून निवडलीस?’ असं विचारायचं आणि मग निदान दोन मिनिटं गप्प बसायचं. हा भाग सगळ्यात अवघड आहे.

* मग एकच प्रश्न : ‘एक पायरी वर जायला काय लागेल?’ उत्तर बऱ्याचदा आपल्याला वाटतं त्याहून स्वस्त निघतं. खारघरच्या त्या पोराला मी विचारलं होतं. म्हणाला, ‘महिन्यातून एकदा लालबागला सोडा. रात्री राहायला.’ बाबा लगेच म्हणाले, ‘एवढंच?’ पोरगा म्हणाला, ‘तुम्ही विचारलंत कुठे?’

* कागदावरचा आकडा खूपच खाली असेल, किंवा मूल ‘जगावंसंच वाटत नाही’ असं काही बोललं, तर खेळ तिथेच थांबवा आणि मदत घ्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत. आणि हा नंबर सत्तावीस वर्षांच्या ‘मुलांना’ही चालतो बरं का.

उद्या दीड वाजता फोन येईलच. ‘जेवलीस का?’ला ‘हो’ म्हणा, ते तिचं समाधान आहे, तिला मिळू दे. त्याच्यापुढे फक्त एक वाक्य जास्त बोला. ‘जेवले गं, पण आज जरा बरं वाटत नाहीये. रात्री निवांत फोन करते.’ मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. तशीही ती वेळेवर सुरू होत नाहीच!